हाडाइतकाच थरही जपावा

काशीस जाणारा मराठी यात्रेकरू पंचगंगेवर किंवा दशाश्वमेधावर स्नान करतो, विश्वेश्वराचे दर्शन घेतो आणि गंगोदक घेऊन परततो. ज्या उंच काठावर हे घाट उभे आहेत, तो काठ मुळात कशाचा बनला आहे, हा प्रश्न सहसा त्याच्या मनात येत नाही. तो काठ गंगेनेच पूर्वी आणून टाकलेल्या गाळाचा आहे. घाटांच्या दगडी पायऱ्यांमागे पिवळसर तपकिरी, घट्ट झालेल्या मातीचे थर असून त्यांत जागोजाग चुन्याचे खडे आढळतात. या खड्यांना त्या प्रदेशात ‘कंकर’ म्हणतात. उत्तरवाहिनी गंगेचा पूर्वेकडील काठ सखल व वाळूचा आहे. पश्चिमेकडील काठ मात्र उंच व टणक असल्यामुळेच त्यावर एवढे मोठे नगर वसू शकले.

गंगेच्या मैदानातील अशा जुन्या गाळाला भूवैज्ञानिकांनी या नगराचेच नाव दिले आहे. ‘वाराणसी जुना गाळ’ ही संज्ञा आज शास्त्रीय लेखनात रूढ आहे. पुरातन नगरी म्हणून काशीची ख्याती मोठी. परंतु ज्या भूमीवर ती वसली त्या भूमीचा इतिहास नगरीच्या इतिहासाहून कितीतरी दीर्घ आहे. रामनगर येथील उंच काठाच्या थरांचा काशी हिंदू विश्वविद्यालयातील भूवैज्ञानिकांनी अभ्यास केला आहे. तेथील काही थर सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी येथे घाट नव्हते, शेती नव्हती आणि गावही नव्हते. परंतु या मैदानात हत्ती, पाणघोडे व रानबैल यांचे कळप चरत होते.

या प्राण्यांची हाडे आजही गाळातून निघतात. सापडलेले हाड उचलून कोठेतरी ठेवले म्हणजे विज्ञानाची सेवा झाली, असा समज सर्वत्र आहे. हा समज अपुरा आहे, एवढेच नव्हे तर हानिकारकही आहे. हाड ज्या थरात सापडले त्या थराची नोंद हाडाइतकीच मोलाची असते. ती नोंद नसेल, तर हाडाने द्यावयाची साक्ष अर्ध्याहून अधिक नष्ट होते.

डायनोसॉरांनंतरची सृष्टी

प्राचीन प्राणी म्हटले की शाळकरी मुलास प्रथम डायनोसॉर आठवतो. पुस्तके, चित्रपट व खेळणी यांनी त्या प्राण्यास घरोघर पोहोचविले आहे. परंतु पक्ष्यांची शाखा वगळता डायनोसॉरांचा वंश सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. त्यानंतर सुरू झालेल्या नवजीव महाकल्पात आजची प्राणिसृष्टी घडत गेली. लहानखुऱ्या सस्तन प्राण्यांपासून हत्ती, घोडे, गेंडे, बैल व वानर यांच्या शाखा फुटल्या. देवमाशांचे पूर्वज एके काळी चार पायांचे होते, याचे पुरावे कच्छ व काश्मीर येथील खडकांत मिळाले आहेत. मानवही याच महाकल्पातील. मनुष्याला स्वतःच्या घराण्याचा इतिहास जाणावयाचा असेल, तर त्याने डायनोसॉरांनंतरच्या या पानांकडेच वळले पाहिजे.

भारतात या काळाचे सर्वांत समृद्ध भांडार शिवालिक टेकड्यांत आहे. हिमालय उंचावत असता त्याच्या नद्यांनी पायथ्याशी गाळाचे प्रचंड थर टाकले आणि त्यांत असंख्य प्राण्यांची हाडे गाडली गेली. १८३०नंतरच्या दशकात ह्यू फाल्कनर व प्रॉबी कॉटली यांनी तेथे जे शोध लावले, त्यांबद्दल लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३७ मध्ये दोघांना वोलॅस्टन पदक दिले. त्यांनी वर्णिलेला शिवथेरियम हा जिराफाच्या कुळातील, पण अंगाने हत्तीची आठवण करून देणारा शृंगधारी प्राणी होता. प्राचीन हत्तींच्या एका जातीला त्यांनी गणेशाचे नाव दिले. पुढे ब्रह्मा व विष्णू यांची नावेही जिराफाच्याच कुळातील प्राण्यांना मिळाली. शिवाच्या नगरीतील विद्यार्थ्यास ही नावे परकी वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राची स्थिती वेगळी आहे. त्याचा बहुतेक भाग डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात उसळलेल्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. त्यामुळे नंतरच्या प्राण्यांचा शोध येथे मुख्यतः नद्यांच्या काठी, त्यांनी टाकलेल्या वाळूगोट्यांच्या थरांत घ्यावा लागतो. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वराजवळ गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीच्या कवटीचे वर्णन गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे १९७०नंतरच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. ती सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची असून त्यांतील एकावर मानवी हाताने कोरलेली नक्षी आहे. आज भारतात रानटी शहामृग नाही आणि पाणघोडाही नाही. हे प्राणी येथे होते आणि नाहीसे झाले, एवढे हाडे व कवचे सांगतात. ते केव्हा व कशामुळे नाहीसे झाले, हे सांगण्याचे सामर्थ्य मात्र थरांत आहे.

टांकसाळीतील पारखी

काशीचा या विषयाशी संबंध एका टांकसाळीमुळेही येतो. जेम्स प्रिन्सेप हा तरुण इंग्रज १८२० मध्ये बनारसच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा अधिकारी म्हणून आला आणि १८३०पर्यंत तेथे राहिला. त्याने नगराचा नकाशा केला, घाटांची चित्रे काढली आणि सांडपाण्याच्या निचऱ्यासाठी भुयारी मार्ग बांधविला. बनारसची टांकसाळ बंद झाल्यावर तो कलकत्त्यास गेला व १८३२पासून एशियाटिक सोसायटीचे नियतकालिक चालवू लागला. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा विद्वान म्हणून तो सर्वश्रुत आहे. त्याच नियतकालिकाच्या पानांतून त्याने भारतातील जीवाश्मांच्या शोधांना जे स्थान दिले, त्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

त्या सुमारास आग्रा ते अलाहाबाद या टप्प्यात यमुनेच्या पात्रातून नौका सुखरूप जाव्यात म्हणून कंकराचे खडक फोडण्याचे काम चालू होते. खडक फोडताना हत्ती, पाणघोडा, बैल, हरिणवर्गीय प्राणी व मगरी यांची अश्मीभूत हाडे निघाली. कॅप्टन एडवर्ड स्मिथ याचा यावरील लेख १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८३५ मध्ये सार्जंट एडमंड डीन याचा लेख आला. डीन हा कोणत्याही विद्यापीठातील पंडित नव्हता. तो लष्करातील एक सार्जंट होता. तरीही त्याच्या लेखाचा विषय केवळ ‘सापडलेली हाडे’ असा नाही. यमुनेच्या गाळाचे थर कसे आहेत आणि हाडे सापडली ती स्थळे कोणती, हा त्याचा विषय आहे. हाडाबरोबर जागाही सांगितली पाहिजे, हे या साध्या शिपायास उमगले होते. आज सुमारे दोनशे वर्षांनंतरही अनेक शिकलेल्या माणसांना ते उमगत नाही.

पूर्वी असे नव्हते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाच्या कारकिर्दीत कालव्यासाठी टेकडी खोदताना प्रचंड हाडे निघाल्याचा उल्लेख फिरिश्त्याच्या इतिहासात आहे. त्यांतील काही हाडे माणसांची समजली गेली. थराचा विचार नसेल, तर मोठे हाड राक्षसाचे ठरते. थराचा विचार आला, की तेच हाड हत्तीचे ठरते आणि तो हत्ती कोणत्या पाण्याकाठी मेला, हेही विचारता येते.

प्रिन्सेपच्या दुसऱ्या उद्योगातूनही हीच गोष्ट समजून घेता येते. ब्राह्मीतील एकच अक्षर सुटे करून हाती दिले असते, तर त्याला त्याचा अर्थ लावता आला नसता. अनेक लेखांत ती अक्षरे कोठे येतात, कोणापुढे व कोणामागे येतात, हे ताडून पाहिल्यामुळे १८३७ मध्ये ती लिपी बोलू लागली. हाडाचेही तसेच आहे. त्याच्या वर काय होते, खाली काय होते आणि शेजारी काय होते, यांवरून त्याचे वाचन होते.

थर काय सांगतो

नदीच्या गाळात हाड टिकते कसे, हे आधी पाहू. प्राणी मेल्यावर त्याचे शव उघड्यावर राहिले, तर तरस, कोल्हे, ऊन व पाऊस त्याची हाडे लवकरच नष्ट करतात. पुराच्या चिखलाखाली ती लगेच झाकली गेली, तर वाचण्याचा संभव असतो. पुढे जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यातील चुना व इतर खनिजे हाडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत साचतात आणि हाड जड व कठीण होते. कंकरही अशाच पाण्यातील चुन्यापासून बनतो. पाऊस व कोरडा काळ आळीपाळीने येणाऱ्या प्रदेशात तो विशेष आढळतो. म्हणून हाडाला चिकटलेला कंकरसुद्धा त्या काळच्या हवामानाचा साक्षीदार होय. ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात तो ठोकून काढणारा मनुष्य साक्षीदारालाच हाकलून देतो.

आता वयाचा प्रश्न घेऊ. सेंद्रिय अवशेषांचे वय किरणोत्सर्गी कार्बनावरून काढता येते. पण ही पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे फारशी उपयोगी पडत नाही, आणि जुन्या हाडांत पुरेसा सेंद्रिय अंश बहुधा उरलेलाही नसतो. अशा वेळी वाळूच्या कणांचा आधार घेतात. वाळूचा कण गाडला गेला की सभोवारच्या मातीतील सूक्ष्म किरणोत्सर्गामुळे त्यात ऊर्जा साठू लागते. प्रयोगशाळेत त्यावर विशिष्ट प्रकाश पाडला असता ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. त्यावरून त्या कणाने शेवटचे ऊन केव्हा पाहिले, याचा हिशेब करता येतो. हे वय वाळूचे असते आणि त्या वाळूत गाडलेल्या हाडास ते लागू होते. कपाटात ठेवलेल्या हाडाचा थर कोणालाच ठाऊक नसेल, तर ही पद्धत तेथे लंगडी पडते.

यमुनेच्या काठी जालौन जिल्ह्यातील काल्पी येथे या रीतीने काम झाले. तेथील गाळात हत्ती व इतर प्राण्यांचे अवशेष, तसेच मानवाने घडविलेली हाडांची हत्यारे मिळाली, आणि त्या थरांचे वय सुमारे ४५,००० वर्षे ठरविण्यात आले. हत्यार व हत्ती एकाच थरात आढळल्यामुळेच गंगेच्या मैदानात त्या काळी मनुष्य वावरत होता, असे म्हणता आले. तीच हाडे वाळूच्या ढिगातून कोणी उचलून आणली असती, तर एवढा मोठा निष्कर्ष निघाला नसता. काशीच्या दक्षिणेस विंध्याच्या कुशीतून वाहणाऱ्या बेलन नदीच्या खोऱ्यातही अलाहाबाद विद्यापीठाचे गो. रा. शर्मा व त्यांचे सहकारी यांनी गोट्यांचे थर एकावर एक असे नोंदविले. त्यांतील दगडी हत्यारे व प्राण्यांची हाडे यांचा क्रम लावला, म्हणूनच ते खोरे अश्मयुगाच्या अभ्यासकांना मार्गदर्शक ठरले.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही विचारात घेतले पाहिजे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा येथे प्राचीन मानवी कवटीचा भाग गोट्यांच्या थरात मिळाला. भारतातील हा अत्यंत महत्त्वाचा शोध होय. थर माहीत असूनही त्या कवटीच्या वयाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. कारण नदी जुन्या थरांतील वस्तू उकरून नव्या थरांत मिसळते. तज्ज्ञाने जागेवरच शोधलेल्या अवशेषाबाबत एवढी अडचण पडते, मग कोणी कोठूनतरी आणून दिलेल्या हाडाबाबत काय बोलावे?

काही आक्षेप

या मतावर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप असा की, काठात दिसणारे हाड तज्ज्ञ येईपर्यंत तसेच ठेवले, तर पुढच्या पुरात ते वाहून जाईल. हे खरे आहे. पुराचे पाणी दाराशी आले असता हाड जागेवर सोडून देणे शहाणपणाचे नव्हे. परंतु उचलण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेणे, काठाच्या माथ्यापासून ते किती खाली आहे हे दोरीने मोजणे, जवळच्या गावाचे नाव व दिनांक लिहून ठेवणे आणि त्याच थरातील मूठभर माती सोबत ठेवणे, यांस फार वेळ लागत नाही. एवढे केल्याने हाडाची बरीचशी साक्ष वाचते.

दुसरा आक्षेप लोकांच्या गरजेचा आहे. घरांस विटा लागतात, रस्त्यांस खडी लागते, बांधकामास वाळू लागते. चार हाडांसाठी ही कामे थांबवावीत काय? कोणीही तसे म्हणत नाही. यमुनेतील हाडे मुळात खडक फोडण्याच्या कामामुळेच उजेडात आली. खोदकाम हे जीवाश्मांचे शत्रू असतेच असे नाही. नोंदीवाचून केलेले खोदकाम शत्रू असते. मात्र आज यंत्रांनी होणारा वाळूउपसा आणि डीन याच्या काळातील हातकाम यांत मोठा भेद आहे. यंत्राचा एक फावडा क्षणात जेवढा काठ उचलतो, तेवढ्यातून काय गेले हे चालकासही कळत नाही. म्हणून नदीकाठच्या खोदकामास परवानगी देताना तेथील थरांची आधी पाहणी व्हावी आणि हाड दिसल्यास तेवढ्या जागेपुरते काम काही दिवस थांबावे, एवढीच अपेक्षा आहे. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. या प्रश्नाची दखल शासनानेही घेतली होती, हे त्यावरून दिसते. कायदा उपयुक्त होईलच. परंतु निर्जन काठावर कायद्याच्या आधी गावकरीच पोहोचतो.

तिसरा आक्षेप संग्रहाविषयीचा. लहान गावात दमट हवा, वाळवी व दुर्लक्ष यांमुळे हाडांचा चुरा होतो. तेव्हा ती मोठ्या शहरातच पाठवावीत, असे म्हणतात. यातही तथ्य आहे. पण मोठ्या संग्रहातही वस्तू हरवतात. जबलपूर येथे १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यास डायनोसॉरची मणक्याची हाडे मिळाली व पुढे ती प्रिन्सेपकडे आली. रिचर्ड लायडेकर याने १८७७ मध्ये त्यांवरून टायटॅनोसॉरसचे वर्णन केले. नंतर त्या हाडांचा ठावठिकाणा लागेना. अखेर २०१२ मध्ये ती कोलकात्यातील भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहातच सापडली. शंभराहून अधिक वर्षांनी त्यांची ओळख पटली ती जुन्या लेखी वर्णनामुळे. इमारत लहान की मोठी, यापेक्षा नोंद चांगली की वाईट, याला अधिक महत्त्व आहे. मूळ हाड राष्ट्रीय संग्रहात जावे, त्याची प्लास्टरची प्रतिकृती व नोंदीची प्रत त्या जिल्ह्यात राहावी, ही विभागणी सर्वांत न्याय्य होय. फाल्कनर व कॉटली यांच्या संग्रहाचा मोठा भाग लंडनला गेला. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्यास आपल्याच टेकड्यांतील प्राणी पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. हा अन्याय लहान प्रमाणावर देशातल्या देशात पुन्हा होऊ नये.

शाळा व ग्रंथालये यांचे काम

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपल्या शाळांची स्थिती आहे. विद्यार्थी परदेशातील डायनोसॉरांची अवघड नावे पाठ म्हणतो. पण ज्या गोदेत किंवा गंगेत तो पोहतो, तिच्या काठी कोणते थर आहेत, हे त्याने पाहिलेले नसते. भूगोलाच्या शिक्षकाने वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना जवळच्या नदीच्या सुरक्षित काठाशी न्यावे, थर मोजावयास लावावेत आणि त्यांचे चित्र काढून घ्यावे. हाडे गोळा करण्याची स्पर्धा मात्र कधीही लावू नये. तीमुळे काठ उकरले जातात आणि नोंद कोणीच ठेवीत नाही. हिमाचल प्रदेशातील सुकेती येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या जीवाश्म उद्यानासारखे स्थळ प्रत्येक जिल्ह्यात होणार नाही. थरांचे एक चित्र मात्र प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागू शकते.

सार्वजनिक ग्रंथालयाने याहून एक पाऊल पुढे जावे. तेथे एक साधी वही असावी. परिसरात कोणास हाड, अंड्याचे कवच किंवा चमत्कारिक दगड आढळला, तर स्थळ, दिनांक, खोली, थराचा रंग व पोत आणि पाहणाऱ्याचे नाव तीत लिहावे. तिची प्रत जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाकडे किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे दरवर्षी पाठवावी. यासाठी अनुदान लागत नाही, उपकरण लागत नाही. लागतो तो केवळ नियमितपणा.

भारतीय संविधानात १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे एक कर्तव्य सांगितले आहे. हा दृष्टिकोन व्याख्यानांनी अंगी बाणत नाही; पाहिले ते जसेच्या तसे आणि जेथल्या तेथे लिहून ठेवण्याच्या सवयीने तो बाणतो. गंगा व गोदावरी दर पावसाळ्यात आपले काठ कापीत राहणार आहेत, आणि त्यांतून हत्तीची दाढ किंवा पाणघोड्याचा जबडा पुन्हा केव्हातरी बाहेर डोकावणार आहे. त्या दिवशी तेथे उभ्या असलेल्या मुलास हाडाला हात लावण्यापूर्वी दोरी व वही काढण्याचे भान असेल, तर त्या शाळेने विज्ञान शिकविले असे म्हणता येईल.